विश्लेषण : राग मालकांवर, हुर्यो कर्णधाराची! मुंबई इंडियन्सच्या चाहत्यांचे नेमके दुखणे काय?

१ एप्रिल २०२४. वानखेडेवर मुंबई इंडियन्सचा त्या मोसमातला घरच्या मैदानावरचा पहिला सामना, समोर राजस्थान रॉयल्स. हार्दिक पंड्या नाणेफेकीसाठी आला आणि स्टँडमधून हुर्यो सुरू झाली. आवाज इतका की समालोचक संजय मांजरेकर यांना माइकवरून प्रेक्षकांना ‘नीट वागा’ असे सुनवावे लागले. खेळ सुरू झाल्यावरही ती थांबेना, तेव्हा सीमारेषेजवळ क्षेत्ररक्षण करणाऱ्या रोहित शर्मानेच हाताने खूण करून लोकांना आवरते घ्यायला सांगितले.

त्याआधी मुंबईची फलंदाजी झाली होती, ४ बाद २०. पुढे कसेबसे ९ बाद १२५. राजस्थानने सहा गडी राखून सामना जिंकला. रोहित, नमन धीर आणि डेवाल्ड ब्रेव्हिस हे तिघेही पहिल्याच चेंडूवर बाद झाले. बाद करणारा ट्रेंट बोल्ट. हा तोच बोल्ट, ज्याने २०२०च्या अंतिम सामन्यात मुंबईला पाचवे विजेतेपद मिळवून देताना सामनावीराचा किताब घेतला होता आणि ज्याला मुंबईने नंतर हातचे जाऊ दिले.

घरच्याच प्रेक्षकांनी घरच्याच कर्णधाराची हुर्यो उडवावी, हे आयपीएलमध्ये क्वचितच दिसले होते. पण हार्दिकने स्वतःला कर्णधार नेमले नव्हते. मग राग त्याच्यावर का निघाला? आणि ज्यांनी नेमले त्यांच्यापर्यंत तो पोहोचला का?

रोषाची सुरुवात कुठून झाली?

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादला भारत विश्वचषकाचा अंतिम सामना हरला. सलग दहा विजय मिळवून देणाऱ्या रोहितबद्दल देशभर सहानुभूती होती. मुंबईत तर ती घरच्या माणसाविषयी असते तशी होती. पुढच्याच आठवड्यात हार्दिक गुजरात टायटन्समधून मुंबईत परतणार हे जाहीर झाले. त्याच्यासाठी पैसे मोकळे करायला कॅमेरून ग्रीनला १७.५ कोटींच्या किमतीत बंगळूरुकडे पाठवण्यात आले. १५ डिसेंबरला पत्रक निघाले : नवा कर्णधार हार्दिक. विश्वचषकाच्या पराभवाला महिनाही उलटला नव्हता.

समाजमाध्यमांवर मुंबई इंडियन्सच्या टोप्या आणि जर्सी जाळल्याच्या चित्रफिती फिरल्या. सूर्यकुमार यादवने तुटलेल्या हृदयाची इमोजी टाकली. फेब्रुवारीत प्रशिक्षक मार्क बाऊचर यांनी हा ‘निव्वळ क्रिकेटचा निर्णय’ असल्याचे सांगितले, त्यावर रोहितच्या पत्नीने जाहीर प्रतिक्रिया दिली की यात बरेच काही चुकीचे आहे. मार्चमध्ये मोसमापूर्वीच्या पत्रकार परिषदेत, रोहितला बदलण्याचे व्यवस्थापनाने कोणते कारण दिले, असे थेट विचारले गेले. बाऊचर यांनी नकारार्थी मान हलवली आणि हार्दिकही गप्पच राहिला.

रोषाचे मूळ या गप्प राहण्यात आहे. कर्णधार बदलणे हा मालकांचा हक्क आहे, हे लालबागच्या चौकात सामना बघणाऱ्यालाही कळते. निर्णय का घेतला, हे कोणी सांगायलाच तयार नाही, हे त्याला खटकले.

कर्णधार तर आधीही बदलले होते, मग तेव्हा असे का झाले नाही?

कारण तेव्हाची पद्धत वेगळी होती. २००८मध्ये लीग सुरू झाली तेव्हा सचिन तेंडुलकर मुंबईचा ‘आयकॉन’ खेळाडू होता. संघातल्या सर्वांत महागड्या खेळाडूपेक्षा १५ टक्के जास्त मानधन त्याला मिळावे, असा नियमच होता. सचिनने २०१२पूर्वी स्वतः कर्णधारपद सोडले आणि हरभजनसिंगकडे ते गेले. २०१३मध्ये रिकी पाँटिंगला आणले. धावा होईनात तेव्हा सहा सामन्यांनंतर तो स्वतःहून बाजूला झाला आणि रोहितला संधी मिळाली. त्याच वर्षी मुंबईने पहिले विजेतेपद मिळवले. मग २०१५, २०१७, २०१९, २०२०. आठ मोसमांत पाच.

थोडक्यात, आधीचे दोन्ही मोठे बदल खेळाडूंच्या तोंडून झाले होते. २०२३चा बदल पत्रकातून झाला. शिवाय ज्याला काढले तो बोरिवलीच्या शाळेत घडलेला, मैदाने तुडवून वर आलेला मुलगा होता. हार्दिकलाही मुंबईनेच २०१५मध्ये १० लाखांत घेऊन मोठे केले होते आणि पाचपैकी चार विजेतेपदांत तो संघात होता. पण मधल्या काळात त्याने गुजरातला पहिल्याच मोसमात विजेते केले आणि दुसऱ्यात अंतिम फेरीत नेले. त्यामुळे वानखेडेच्या लेखी तो घरी परतलेला नव्हता, बाहेरून आलेला होता.

संघाची कामगिरी खरोखर एवढी घसरली होती का?

हो, आणि त्याला फक्त हार्दिक जबाबदार नाही. २०२१मध्ये पाचवा क्रमांक. २०२२मध्ये पहिले आठ सामने सलग हरून शेवटचा, तोही रोहितच्याच नेतृत्वाखाली. २०२३मध्ये चौथा. २०२४मध्ये १४ पैकी चार विजय आणि पुन्हा तळ. त्याच मोसमात हैदराबादने मुंबईविरुद्ध ३ बाद २७७ धावा कुटल्या, तो त्यावेळी आयपीएलमधला विक्रम होता.

दुखण्याची खरी सुरुवात २०२२च्या मोठ्या लिलावात सापडते. नियमानुसार चारच खेळाडू राखता येत होते. रोहित, बुमरा, सूर्यकुमार आणि पोलार्ड राहिले. बोल्ट, क्विंटन डी कॉक, दोघे पंड्या बंधू, राहुल चहर गेले. हाती मोठी रक्कम होती. त्यातले १५.२५ कोटी इशान किशनवर गेले, तर ८ कोटी जोफ्रा आर्चरवर, जो दुखापतीमुळे त्या वर्षी खेळणारच नव्हता. पैज मोठी होती, फळली नाही. रोहितला काढण्याची मागणी तेव्हा चाहत्यांकडून आली नव्हती. खरेदीचा हिशेब मागणारे मात्र बरेच होते.

संघ नेमका कोणाचा?

कागदोपत्री उत्तर सोपे आहे. २००८च्या लिलावात रिलायन्स समूहाने मुंबईची फ्रँचायझी ११ कोटी १९ लाख डॉलरना घेतली. आठ संघांतली ती सर्वांत महाग बोली होती. समूहाची ‘इंडियाविन स्पोर्ट्स’ ही कंपनी संघ चालवते. नीता अंबानी आणि आकाश अंबानी हे त्याचे चेहरे.

एक गंमत सांगायला हवी. हे मालक मुंबईला परके नाहीत. धीरूभाई अंबानींचे कुटुंब भुलेश्वरच्या चाळीत राहत होते, गिरगावातून तिथे पायी जाता येते. संघातही त्यांनी पहिल्या दिवसापासून पैसा आणि चिकाटी दोन्ही ओतले. बुमरा आणि हार्दिक हे त्यांच्याच शोधपथकाचे यश. दरवर्षी एका सामन्याला वानखेडे स्वयंसेवी संस्थांच्या हजारो मुलांनी भरते, हा उपक्रमही त्यांचाच. तेव्हा ‘मालकांना क्रिकेटचे काही पडलेले नाही’ हा आरोप टिकत नाही.

पण २०२२नंतर हा संघ केवळ मुंबईचा राहिला नाही. केपटाऊन, अमिराती आणि न्यूयॉर्क असे ‘एमआय’ नावाचे संघ उभे राहिले. माहेला जयवर्धने आणि झहीर खान यांना मुंबईच्या कामातून काढून या जागतिक कारभाराच्या पदांवर नेमले गेले. त्या संघांनी करंडकही जिंकले : न्यूयॉर्कने २०२३ आणि २०२५मध्ये, अमिरातीने २०२४मध्ये, केपटाऊनने २०२५मध्ये. महिला संघाने २०२३ आणि २०२५ची डब्ल्यूपीएल जिंकली. समूहाच्या वहीत हा काळ भरभराटीचा आहे. वानखेडेला येणाऱ्याच्या वहीत २०२१ ते २०२५ या पाच मोसमांत एकही आयपीएल करंडक नाही. दोन्ही वह्या खऱ्या आहेत, फक्त दुसरी कोणी तपासत नाही.

चाहत्यांच्या रागाचा मालकांच्या खिशावर परिणाम होतो का?

फारसा नाही. संपूर्ण प्रकरणाची गोम इथे आहे, म्हणून आकडे नीट पाहू.

जून २०२२मध्ये आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांची विक्री झाली : ४८,३९० कोटी रुपये, ४१० सामने. म्हणजे एका सामन्यामागे सुमारे ११८ कोटी. या मध्यवर्ती उत्पन्नाचा साधारण निम्मा हिस्सा सर्व संघांमध्ये वाटला जातो आणि त्याचा बराचसा भाग समान असतो. शीर्षक प्रायोजकत्वाचे पैसेही याच हौदात येतात. टाटा समूहाने २०२४ ते २०२८साठी २,५०० कोटी मोजले आहेत. संघ पहिला येवो वा दहावा, या हौदातली त्याची बादली जवळजवळ भरूनच येते.

आता तिकिटांचे बघा. वानखेडेची क्षमता सुमारे ३३ हजार. घरचे सामने सात. सगळ्या जागा भरल्या तरी मोसमभरात दोन लाख ३१ हजार. मोबाइलवर सामना पाहणारे कोट्यवधींत असतात. समजा दादर, परळ, लालबाग आणि गिरगावातल्या प्रत्येक चाहत्याने ठरवले की यंदा वानखेडेची पायरी चढायची नाही. ती तिकिटे नवी मुंबईतून, पुण्यातून, सुरतहून आलेले लोक घेतील.

आणि घरी बसून मोबाइलवर सामना पाहिला तर? २०२२च्या विक्रीत भारतातले डिजिटल हक्क २३,७५८ कोटींना घेतले ते रिलायन्स समूहाच्याच व्हायकॉम१८ने. २०२४मध्ये सामने जिओसिनेमावर फुकट दिसत होते. नोव्हेंबर २०२४मध्ये स्टार इंडियाशी विलीनीकरण झाले, जिओस्टार तयार झाली आणि टीव्हीचे हक्कही त्याच छत्राखाली आले. म्हणजे संघावर चिडून तिकीट न काढणारा चाहता ज्या पडद्यावर सामना बघतो, तो पडदाही संघमालकांच्याच समूहाचा. हार्दिकची हुर्यो उडते का, हे बघायला आणखी चार जण आले तर प्रेक्षकसंख्या वाढतेच.

इंजिनीअरिंगला नियंत्रण प्रणाली शिकवताना सांगतात : बाहेर पडणाऱ्या परिणामाची नोंद परत आत आली, तरच यंत्र स्वतःला सुधारते. ती परतीची वायर इथे जोडलेलीच नाही.

लालबाग-परळला ‘मालक’ हा शब्द नवा नाही. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार रस्त्यावर उतरले होते. संप फसला, गिरण्या बंद पडल्या, फिनिक्स मिलच्या जागी मॉल उभा राहिला. तुलना ताणायची नाही, तिथे पोटाचा प्रश्न होता आणि इथे करमणुकीचा आहे. तरी एक फरक लक्षात घेण्याजोगा : कामगाराकडे युनियन होती, गेट मीटिंग होती, मालकाला टेबलावर बसवायची निदान एक रीत होती. चाहत्याकडे तीही नाही. त्याच्याकडे फक्त आवाज आहे आणि आवाज ऐकू जाईल एवढ्या अंतरावर फक्त खेळाडू असतो.

वानखेडेवर अशी हुर्यो पहिल्यांदाच उडाली का?

अजिबात नाही. मार्च २००६मध्ये इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत सचिन एका धावेवर बाद झाला, तेव्हा याच मैदानाने खुद्द सचिनची हुर्यो उडवली होती. २०१३मध्ये आयपीएलसाठी आलेल्या विराट कोहलीला तिचा प्रसाद मिळाला आणि त्याने नाराजीही बोलून दाखवली. त्याच कोहलीने ११ एप्रिल २०२४ला वानखेडेवर प्रेक्षकांना खूण करून हार्दिकसाठी टाळ्या वाजवायला सांगितले.

मुळात या मैदानाचा जन्मच ‘हे क्रिकेट कोणाचे’ या भांडणातून झाला. मुंबईचे कसोटी सामने आधी ब्रेबॉर्नवर होत. ते मैदान क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे, एका खासगी क्लबचे. मुंबई क्रिकेट संघटनेला सामन्यांची तिकिटे किती द्यायची, यावरून खटके उडत. शेवटी संघटनेचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी चर्चगेटजवळच, ब्रेबॉर्नपासून हाकेच्या अंतरावर स्वतःचे स्टेडियम बांधायला घेतले. जानेवारी १९७५मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध तिथे पहिली कसोटी झालीसुद्धा. क्लाइव्ह लॉइडच्या द्विशतकानंतर त्याचे अभिनंदन करायला मैदानात धावलेल्या एका प्रेक्षकाला पोलिसांनी मारले आणि त्या पहिल्याच कसोटीत प्रेक्षकांनी दंगा केला. वानखेडेचा प्रेक्षक पहिल्या दिवसापासून ऐकून घेणारा नव्हता.

परदेशातले चाहते मालकांना जाब विचारू शकतात का?

काही ठिकाणी. अमेरिकेत बेसबॉलच्या ओकलंड ॲथलेटिक्स संघाचे उदाहरण सध्या जगभर दिले जाते. चार वेळा वर्ल्ड सीरिज जिंकून दिलेल्या शहरातून मालक जॉन फिशर संघ लास व्हेगासला न्यायच्या तयारीत होते. तोवर महागडे खेळाडू विकले गेले होते, संघ हरत होता आणि स्टेडियम ओस पडले होते. चाहत्यांनी १३ जून २०२३ला उलटा बहिष्कार पुकारला : त्या दिवशी सगळ्यांनी यायचे. २७,७५९ जण आले, अनेकांच्या अंगात ‘विका’ असा एकच शब्द छापलेले हिरवे टी-शर्ट होते. प्रेक्षक नाहीत म्हणून संघ हलवतो, हे म्हणणे त्यांनी खोटे पाडले. त्याच आठवड्यात नेवाडा राज्याने नव्या स्टेडियमसाठीच्या सरकारी मदतीवर शिक्कामोर्तब केले आणि नोव्हेंबरमध्ये लीगच्या इतर संघमालकांनी स्थलांतराला एकमताने मान्यता दिली. २६ सप्टेंबर २०२४ला ओकलंडमधला शेवटचा सामना झाला. तोही तुडुंब.

जर्मनीत चित्र उलटे आहे. तिथल्या फुटबॉल लीगमध्ये, काही अपवाद सोडता, ‘५०+१’ नियम चालतो : क्लबच्या कारभारातली निम्म्याहून जास्त मते क्लबच्या सदस्यांकडे, म्हणजे सामान्य चाहत्यांकडे राहिली पाहिजेत. डिसेंबर २०२३मध्ये लीगने प्रक्षेपण उत्पन्नातला हिस्सा बाहेरच्या गुंतवणूकदाराला विकायचा घाट घातला, तेव्हा चाहत्यांनी आठवड्यामागून आठवडे मैदानात टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबवले. २१ फेब्रुवारी २०२४ला लीगने माघार घेतली. मुंबईत हार्दिकवरून रण पेटले होते, तेच हे दिवस. चेंडू फेकणाऱ्यांच्या मागे मतांचा अधिकार होता, हा त्यातला कळीचा मुद्दा.

आयपीएलमध्ये असा कोणताच दोर चाहत्याच्या हाती नाही, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. सहारा समूहाने २०१०मध्ये ३७ कोटी डॉलर मोजून पुणे वॉरियर्स घेतली आणि शुल्काच्या वादात तीन मोसमांनंतर ती संपली. नंतर आलेला पुण्याचा दुसरा संघ दोन वर्षांच्या बोलीवरच होता. त्याच्या मालकांनी २०१७मध्ये महेंद्रसिंग धोनीचे कर्णधारपद काढले. संघ अंतिम फेरीत मुंबईकडून एका धावेने हरला आणि विसर्जित झाला. पुण्याच्या चाहत्यांकडे आज जुन्या जर्सी तेवढ्या आहेत.

मग राग निवळला कसा?

मालकांनी काही केले म्हणून नव्हे. २९ जून २०२४ला बार्बाडोसमध्ये टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातले शेवटचे षटक हार्दिकने टाकले आणि भारत सात धावांनी जिंकला. कर्णधार रोहित. ४ जुलैला नरिमन पॉइंटपासून उघड्या बसमधून मिरवणूक निघाली, मरिन ड्राइव्हवर पाय ठेवायला जागा नव्हती. संध्याकाळी वानखेडेवर हार्दिकच्या नावाचा गजर झाला. तीन महिन्यांपूर्वी ज्या स्टँडमधून हुर्यो उडाली होती, त्याच स्टँडमधून.

फ्रँचायझीनेही काही चुका दुरुस्त केल्या, गाजावाजा न करता. जयवर्धने प्रशिक्षक म्हणून परतले, बोल्टला १२.५ कोटी देऊन परत आणले. हार्दिकचे कर्णधारपद कायम राहिले. रोहितला १६.३० कोटींना राखले, हार्दिक आणि सूर्यकुमारपेक्षा पाच लाखांनी कमी. रोहितला का काढले, याचे नेमके कारण मात्र २०२५चा मोसम संपेपर्यंतही कोणी सांगितले नाही.

१६ मे २०२५ला वानखेडेतल्या दिवेचा पॅव्हिलियनच्या तिसऱ्या मजल्याला रोहित शर्माचे नाव दिले गेले. हा सन्मान मुंबई क्रिकेट संघटनेने केला. मैदान तिचे आहे आणि तिचे पदाधिकारी शिवाजी पार्क आणि आझाद मैदानावर खेळणाऱ्या क्लबांच्या मतांवर निवडून येतात. त्यानंतर पाच दिवसांनी त्याच मैदानावर हार्दिकच्या नेतृत्वाखाली मुंबईने दिल्लीला ५९ धावांनी हरवून बाद फेरी गाठली. रोहित त्या संघात सलामीला होता, नव्या स्टँडसमोर पाच धावा करून परतला.